कालवडीचा डोस

दादा, तुझ्या इन्व्हर्टरमध्ये काहीच बिघाड नव्हता.

काल तुझी तेरवी झाली. आज सकाळी कागद घेऊन बसलो आणि आधी हेच वाक्य लिहून टाकलं, कारण सहा वर्षं ते तुझ्यापुढे माझ्या तोंडून निघालं नाही. तुझी ती खाऱ्या पाण्याची माशांची पेटी इन्व्हर्टर बंद पडल्यामुळे मेली नाही. ती मी मारली, माझ्या हातानं, आणि आळ तुझ्या हातच्या वस्तूवर घातला. तू ते खरं मानलंस आणि तसंच घेऊन गेलास.

तू कसा गेलास, कधी गेलास, काय झालं होतं, हे बारा दिवस येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगून सांगून माझं तोंड दुखलं. ते इथे पुन्हा लिहीत नाही. मला तुझ्याशी अळ्यांबद्दल बोलायचं आहे. हसशील तू. "डाक्टर, आता तं सोड त्यायले," म्हणशील.

डाक्टर म्हणणं ही तुझी थट्टा. मी जनावरांच्या सरकारी दवाखान्यातला पशुधन पर्यवेक्षक, सुया टोचणारा, बकऱ्यांना जंताचं औषध पाजणारा. गावातले लोक डाक्टर म्हणतात ते गरजेपोटी, तू म्हणायचास चिडवायला. पण त्या पदविकेचा फॉर्म तूच आणलास, तूच भरलास, आणि मी दोनदा घरी पळून आलो तेव्हा सायकलवर बसवून परत नेऊन सोडलंस. तुझं शिक्षण दहावीत राहिलं. गोंदियाकडच्या आपल्या गोरेगावच्या बसस्टँडमागचं तुझं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान, तेच आपलं घर चालवायचं. मी जो काही डाक्टर झालो तो तुझ्यामुळे, आणि त्या डाक्टरकीनंच तुझा घात केला.

मुंबईला टीव्ही कंपनीच्या ट्रेनिंगला गेलास आणि तिथल्या हॉटेलात तशी पेटी पाहून आलास. इटियाडोह धरणाच्या पलीकडे मोठं पाणी आपल्या घरात कोणी पाहिलं नव्हतं. "टीव्हीतला रंग मी पेचकस फिरवून बराबर करतो गा," तू म्हणालास, "पन थो रंग जिता होता." चार महिन्यांत चार फुटांची काच आली. मीठ मुंबईहून बादलीत आलं. मासे आणि समुद्रातले जिवंत दगड, म्हणजे ज्यांच्या भोकाभोकांत बारीक जीव राहतात असे दगड, थर्माकोलच्या खोक्यात गोंदिया स्टेशनच्या पार्सल ऑफिसात उतरले. पाण्याचा खारटपणा मोजायला तू बॅटरीच्या आम्लाची काचेची नळी बुडवलीस, तर तिच्यातलं तरंगणं तळाला जाऊन बसलं ते उठेचना. किती हसलो होतो आपण. शेजारीपाजारी बघायला यायचे आणि पहिला प्रश्न एकच असायचा, "हे मासोऱ्या खाता येते का?"

दोन मासे होते, केशरी, पांढऱ्या पट्ट्यांचे. दगडांवर बटणांएवढी मऊ प्रवाळं, दिवा लागला की उघडायची. मे महिन्यात आपल्याकडे माणसं वाळतात, तिथे तू त्या पाण्यावर कूलरचा पंखा लावलास आणि बर्फाच्या बाटल्या तरंगत ठेवल्यास. दिवसाचे दहा-दहा तास भारनियमन, म्हणून तो इन्व्हर्टर. ट्रान्सफॉर्मरची तार तू स्वतः गुंडाळलीस, डबा स्वतः ठोकलास. लाईट गेली की एक टक्क आवाज व्हायचा आणि पंप फिरतच राहायचा. तो बघून गावातल्यांनी मागितले, मग आजूबाजूच्या गावांतल्यांनी. टीव्हीचं काम तेव्हा कमी होत चाललं होतं. तुझ्या हातच्या इन्व्हर्टरांवर दुकान पुन्हा उभं राहत होतं.

अळी आधी मी पाहिली. संध्याकाळचं भारनियमन चालू होतं, पेटीवरचा दिवा बंद होता आणि तू टॉर्च मारून मला झोपलेले मासे दाखवत होतास. दगडाच्या भोकातून एक बोटभर लांब, गुलाबी, दोन्ही अंगांना पांढरे केस असलेली अळी बाहेर आली आणि तळाशी पडलेला खाण्याचा कण ओढून आत गेली. मग दुसरी आली. मग मी मोजणं सोडलं. त्या कोणी आणल्या नव्हत्या, दगडांच्या पोटातून आल्या होत्या.

"मार," मी म्हणालो.

"काऊन?"

"काऊन म्हंजे? अळी आहे थे."

तू मुंबईच्या दुकानदाराला फोन लावलास. तो म्हणाला, "भाईसाब, कीड़ा फ्री में आया है, रहने दो ना." मी म्हणालो, हा तर लुच्चा आहे. दुसऱ्या दिवशी तू एसटी धरून गोंदियाच्या इंटरनेट कॅफेत गेलास, खिशात डिक्शनरी घेऊन, आणि वहीत उतरवून आणलंस: या अळ्या पडलेलं अन्न खातात, मेलेलं खातात, जित्याच्या वाटेला सहसा जात नाहीत, पाणी साफ ठेवतात. काही लोक म्हणतात काढून टाका, काही म्हणतात राहू द्या. तू राहू द्या म्हणणाऱ्यांकडे गेलास.

"धानाच्या बांधीतलं गांडूळ मारते का कोनी?" तू मला विचारलंस.

"गांडुळाले काटे नसतात," मी म्हणालो.

काटे खरेच होते. आठ दिवसांनी तू दगड सरकवायला हात घातलास आणि बोट लाल होऊन फुगलं. ते केस काचेच्या कुसळांसारखे कातडीत घुसले होते. मी चिकटपट्टी लावून ओढले, उरलेले दवाखान्याच्या चिमट्यानं एकेक काढले, आणि एकेकाला "हे गांडूळ? हे पन गांडूळ?" असं विचारत होतो. तू दात दाबून हसत होतास आणि मला शिव्या देत होतास. वहिनी दारात उभ्या राहून म्हणाल्या, "दोघं भाऊ सारखेच बह्याड." त्या संध्याकाळची आठवण आता मला नकोशी होते, इतकी ती चांगली आहे.

पण वाद काही मिटला नाही. तू एक म्हणायचास, मी दोन. माझ्या कामात चांगला जंत नसतो, दादा. पोटात जंत झाले की बकरी वाळते, केस राठ होतात, औषध पाजलं की उठून चरायला लागते. मी वीस वर्षं हेच बघत आलो. तू दोन दिवस कॅफेत बसून मला जंत शिकवतोस, याचा मला आतून राग होता. हे मी तेव्हा कबूल केलं नसतं.

मग वहिनींचं पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन निघालं, नागपूरला, आठ दिवसांसाठी. जाताना पेटी माझ्या ताब्यात दिलीस. काचेवर चिठ्ठी चिकटवलीस: चिमूटभर खाणं, उडालं तेवढं साधं पाणी, पंपाकडे लक्ष. शेवटची ओळ होती, "अळ्यायले हात लावू नोको."

तिसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्यातून आलो तर दोनपैकी एक मासा तळाशी आडवा पडला होता आणि त्याच्यावर अळ्या होत्या, वीस-पंचवीस. डोळ्यातून आत शिरत होत्या. मासा आधीच मेला होता आणि त्या फक्त आपलं काम करत होत्या, हे मला आज कळतं. तेव्हा मला दिसला तो मुद्देमालासकट सापडलेला चोर. खरं सांगू? मला वाईट कमी वाटलं, आनंद जास्त झाला. मी बरोबर ठरलो होतो. तू परत येशील तेव्हा एक अळी नसलेली पेटी दाखवायची आणि म्हणायचं, बघ तुझ्या गांडुळांनी काय केलं.

माझ्या पिशवीत बकऱ्यांचं जंतावरचं पांढरं औषध होतं. डोस वजनावर देतात. दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो, आणि दोनशे किलो म्हणजे बऱ्यापैकी वाढलेली कालवड. मी कालवडीचा डोस मोजला आणि पेटीत ओतला. इतकं सरळ गणित होतं. आयुष्यभर जनावरांना पाजत आलो, कधी एक दगावलं नाही. पण कालवड शेण टाकते आणि मेलेले जंत त्यातून बाहेर जातात. पेटीला शेण टाकता येत नाही, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

दोन तासांत अळ्या बाहेर यायला लागल्या. तू वहीत अंदाजानं शंभर लिहिलं होतंस. शंभर नव्हत्या, दादा. एकेका भोकातून पाच-पाच, सहा-सहा लोंबत होत्या, वळवळत होत्या, मग सैल होऊन तळाशी पडत होत्या. काही हातभर लांब होत्या. मी चहाच्या गाळणीनं काढायला लागलो, तर काढल्या त्याहून जास्त पुन्हा पडलेल्या असायच्या. संध्याकाळी लाईट गेली. तुझा इन्व्हर्टर टक्क करून लागला आणि पंप फिरत राहिला. लाईट येईपर्यंत तो ते सडत चाललेलं पाणी इमानेइतबारे फिरवत होता. सकाळी पाणी पेजेसारखं पांढरं झालं होतं आणि खोलीत पाय ठेववत नव्हता. दुसरा मासा वर तरंगत होता. प्रवाळांची बटणं विरघळून दगडांवर शेंबडासारखी लोंबत होती.

बदलायला खारं पाणी तयार नव्हतं, गोडं ओतता येत नव्हतं. सगळं गेल्यावर ते पाणी अंगणात ओतावं तर मिठानं जमीन मरते, म्हणून कॅनमध्ये भरून मोटारसायकलवर नाल्यापर्यंत फेऱ्या मारल्या. नाल्यात ओतलं तेही काही बरोबर केलं नाही. हाताचा वास चार दिवस गेला नाही.

सगळं गेलं त्याच संध्याकाळी तुझा फोन आला. "डाक्टर, माया मासोऱ्या कशा आहेत?"

मी म्हणालो, "दादा, लाईट गेली होती लय वेळ. इन्व्हर्टर बसला."

वहिनी सलाईनवर आहेत, आत्ता तुझ्या डोक्याला आणखी ताप नको, परत आलास की खरं सांगू, असं मी स्वतःला समजावलं. स्वतःला फसवायला फारशी हुशारी लागत नाही. तू एवढंच म्हणालास, "माया इन्व्हर्टर?"

परत आलास तेव्हा रिकाम्या काचेवर हात ठेवून उभा राहिलास. मला बोल लावला नाहीस. उलट माझीच समजूत घातलीस, "तू काय करशीन गा, लाईटच गेली तं." मग इन्व्हर्टर उचलून दुकानात नेलास आणि खोललास.

ज्यात बिघाड नाही त्यात बिघाड सापडणार कुठून? तू एकेक भाग सोडवून मीटर लावलंस, सगळं बरोबर निघालं. दुसरा कोणी म्हणाला असता, वस्तू चांगली आहे. तू मेकॅनिक. तुला वाटलं, वस्तूत खोट आहे आणि ती मला दिसत नाही. मला बोलावून विचारायचास, "बसला तवा एकदम बंद झाला, का हळूहळू?" मी म्हणालो, "हळूहळू." मग तू बॅटरीच्या मागे लागलास. आठवड्यानं पुन्हा विचारलंस, "जळल्याचा वास आलता का?" मी म्हणालो, "थोडासा." मग तू ट्रान्सफॉर्मर सोडवलास आणि सगळी तार पुन्हा गुंडाळलीस. मी एकेक खोटा शब्द देत गेलो आणि तू मीटर घेऊन त्याच्यामागे जात राहिलास.

कामठ्याच्या एका शेतकऱ्याकडे तुझा इन्व्हर्टर होता. त्याच्या आईला दम्यासाठी हवेची मशीन लागायची. तू तिथे गेलास आणि तो नको नको म्हणत असताना आपला इन्व्हर्टर काढून कंपनीचा बसवून आलास. "थ्या बुढीचा दम माया भरवशावर नाई ठेवत मी," घरी येऊन मला म्हणालास. मग बाकीच्या घरांतले एकेक काढून आणलेस. मग दुकान बंद केलंस. गोंदियाच्या एका शोरूममध्ये लागलास, रोज सकाळची एसटी, आणि लोकांना तयार इन्व्हर्टर विकायचे. पेटीची काच वऱ्हांड्यात पडून राहिली, तिच्यात कोंबडी अंडी उबवायला बसायची. एकदा माझ्या घरचा मिक्सर बिघडला म्हणून तुझ्याकडे आणला. तू हातात घेतलास, उलटासुलटा करून पाहिलास आणि परत दिलास. "गोंदियाले दाखव," म्हणालास. त्या दिवशी तरी मी सांगायला हवं होतं.

पुढे मोबाइलवर इंटरनेट आलं तेव्हा दवाखान्यात बसून मी त्या अळ्यांबद्दल वाचलं. तू वहीत लिहिलं होतंस तेच होतं. मासा मेला की अळ्याच पेटी वाचवतात, आणि सगळ्या एकदम मेल्या तर पेटी संपते. म्हणजे वादही तूच जिंकला होतास. तेही तुला सांगितलं नाही, कारण ते सांगितलं असतं तर पुढचं सांगावं लागलं असतं.

सांगायला जागा पुष्कळ आल्या. शेवटची हॉस्पिटलात आली. मी तुझ्या उशाशी बसलो होतो, दिवे गेले, क्षणभरानं जनरेटर लागला आणि तुझ्या अंगाला लावलेली मशीन चालूच राहिली. तू छताकडे बघत म्हणालास, "यायचा जनरेटर चांगला आहे." तू कशाशी तुलना करतो आहेस ते मला कळलं. वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. तेवढ्यात नर्स सुई बदलायला आली, मी उठून बाजूला झालो आणि बाजूलाच राहिलो.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी मी वहिनींना सांगितलं. त्या सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या. सगळं ऐकेपर्यंत त्यांचा हात थांबला नाही.

"मले वाटे, माया आपरेशनापायी त्यायचं थे गेलं," त्या म्हणाल्या. "सहा वर्सं वाटे मले. थ्या डब्ब्यापुढं बसून राहत, चहा ठेवला तं थंडा होऊन जाये. मी बोलत नव्हती, माया गुन्हा आहे म्हनून." मग सुपातला एक खडा बाजूला टाकून म्हणाल्या, "मले कायले सांगून राहिले भाऊजी? ज्यायले सांगाचं होतं त्यायले नाई सांगतलं."

मी रडायला लागलो तर त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "रडू नका. तेरवीले सगळे येतीन. ज्यायच्या घरचे इन्व्हर्टर त्यायनं काढून आनले थे बी येतीन. त्यायच्यापुढं उभे राहा अन् सांगा, माया मानसाच्या हातात खोट नव्हती म्हनून."

काल पंगत बसायच्या आधी मी उभा राहिलो. अळ्यांपासून कालवडीच्या डोसापर्यंत सगळं सांगितलं, फोनवर काय बोललो तेही सांगितलं. लोकांना समजायलाच वेळ लागला. मागून कोणीतरी विचारलं, "कोनता इन्व्हर्टर?" एक जण शेजाऱ्याला म्हणाला, "मासोऱ्या मेल्या त्याच्यासाठी रडून राहिला का हा?" कोणी रागावलं नाही. मी शिव्या खायची तयारी ठेवून आलो होतो, पण एका पाव्हण्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ द्या डाक्टर, झालं थे झालं. जेवन थंडं होऊन राहिलं." आणि लोक बसले. तुझं दुकान ज्यानं गेलं ते त्यांना कानावर घेण्याइतकंही मोठं वाटलं नाही.

फक्त कामठ्याचा तो शेतकरी उठून माझ्याजवळ आला. त्याची आई जाऊनही आता दोन वर्षं झाली. "मी तं म्हनलो होतो त्यायले, काढू नोका, मस्त चालून राहिला," तो म्हणाला. "नाई ऐकलं. तार काढताना डोरे भरून आलते त्यायचे." मग सरळ माझ्या तोंडाकडे बघत त्यानं विचारलं, "मंग तवाच काऊन नाई सांगतलं?"

मी भाताचं भांडं उचललं आणि वाढायला लागलो.

तुला सांगतो. मला तुझी भीती नव्हती. तू जन्मात कधी माझ्यावर हात उगारला नाहीस. तू रागावला असतास, माझ्याशी बोलणं टाकलं असतंस, महिनाभर, फार तर दोन महिने. समोरून आलो तर मान फिरवली असतीस, काही हवं असलं तर वहिनींकडून निरोप पाठवला असतास. मग एक दिवस कोणाचा तरी पंखा पुढ्यात घेऊन "डाक्टर, इकडं पकड जरा" म्हणाला असतास, आणि दुकान चालत राहिलं असतं. तुझा दोन महिन्यांचा अबोला मला सोसायचा नव्हता, म्हणून मी गप्प बसलो. एवढंच कारण आहे, दादा. दुसरं काही नाही.